तेल सांडलेल्या मातीत पाचोळा का कुजत नाही

तेल सांडून दोन-तीन वर्षे झालेल्या जागेवरचे एक कोरडे ढेकूळ हातात घ्या आणि त्यावर पाण्याचा थेंब सोडा. चांगल्या मातीत तो पडल्या पडल्या जिरतो. इथे तो अळूच्या पानावर राहावा तसा गोल राहतो आणि हात कलता केला की घरंगळून जातो. वास बहुतेक उडून गेलेला असतो, वर थोडे गवतही आलेले असते. पण ढेकूळ फोडले की आत गेल्या वर्षीचा पाचोळा सापडतो. काळवंडलेला असतो, पण शिरांसकट अख्खा. जमीन वरून सावरलेली दिसते आणि आत तिचे रोजचे काम बंद पडलेले असते.

हे रोजचे काम म्हणजे कुजवण. पडलेले पान गांडूळ, वाणी, वाळवी असे जीव कुरतडून बारीक करतात. मग बुरशी आणि जिवाणू त्यावर विकरे (एन्झाइम) सोडून ते विरघळवतात. पानातला निम्म्याहून अधिक कर्ब कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो. उरलेला सूक्ष्मजीवांच्या शरीरात आणि शेवटी ह्यूमसमध्ये, म्हणजे कुजून स्थिरावलेल्या सेंद्रिय भागात, मुरतो. या वाटेत नत्र, स्फुरद, गंधक सुटे होतात आणि पिकाला मिळतात. कुजवण थांबली तर जमिनीत खत असूनही पीक उपाशी राहते. म्हणून तेलाने बाधित जमीन साफ झाली का, हे ठरवताना आमच्या दृष्टीने खरा प्रश्न एकच आहे: तिथे पान पुन्हा कुजते का? किती तेल उरले, हा त्यानंतरचा प्रश्न.

कर्बाचा पूर, नत्राचा दुष्काळ

तेल म्हणजे विष, एवढेच बहुतेकांच्या डोक्यात असते. ते विष आहेच, पण सूक्ष्मजीवांसाठी ते अन्नही आहे. क्रूड तेलाच्या वजनात ८४ ते ८७ टक्के कर्ब असतो आणि बाकी बहुतेक हायड्रोजन. नत्र आणि स्फुरद नावापुरते. अडचण नेमकी इथे सुरू होते.

उसाचे पाचट शेतातच कुजवणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र कमी, म्हणून टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारे जिवाणू टाकायची शिफारस आहे. युरिया टाकला नाही तर जिवाणू जमिनीतला नत्र ओढून घेतात आणि खोडवा (तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस) पिवळा पडतो. तेल हे याच हिशेबाने टोकाचे पाचट आहे.

एक गुंठा जमीन धरू, म्हणजे साधारण १०० चौरस मीटर. वरच्या १५ सेंटिमीटर थरात सुमारे २० टन माती असते. सेंद्रिय कर्ब ०.६ टक्के असेल तर त्यात १२० किलो कर्ब आणि साधारण १२ किलो नत्र, म्हणजे कर्ब-नत्र गुणोत्तर १०:१. आता या मातीत २ टक्के डिझेल मुरले असे समजा. म्हणजे ४०० किलो, २०० लिटरची जवळपास अडीच पिंपे. त्यातून ३४० किलो कर्ब आला, नत्र शून्य. गुणोत्तर एका दिवसात ३८:१ वर गेले. प्रत्यक्षात स्थिती याहून वाईट असते. ते १२ किलो नत्र ह्यूमसमध्ये घट्ट बांधलेले असते आणि सूक्ष्मजीवांच्या हाती त्याचा लहानसा वाटाच लागतो.

अशा जमिनीत तेल खाणारे जिवाणू झपाट्याने वाढतात. ते बाहेरून आणावे लागत नाहीत. जवळपास प्रत्येक मातीत ते मूठभर असतातच आणि तेल मिळाले की त्यांची संख्या कैक पटींनी वाढते. वाढताना सुटा नत्र आणि स्फुरद तेच उचलतात. पाचोळा कुजवणाऱ्या बुरशीला आणि जिवाणूंना काही उरत नाही, त्यामुळे पाने पडून राहतात. थोड्या दिवसांत नत्र संपला की तेल खाणारेही थांबतात, आणि मग ना तेल सरते ना पाचोळा.

हवेचा हिशेब

नत्राइतकाच, काही मातींत त्याहून अधिक, प्राणवायू आडवा येतो. एक किलो तेल पूर्ण जिरवायला सुमारे ३.४ किलो प्राणवायू लागतो. वरच्या गुंठ्यातल्या ४०० किलोंसाठी १,३६० किलो. एक घनमीटर हवेत प्राणवायू पाव किलोहून थोडा जास्त असतो, म्हणजे जवळपास ४,९०० घनमीटर हवा लागणार. त्या थरात मातीचे आकारमान १५ घनमीटर आणि त्यातल्या पोकळ्यांत हवा फार तर ३ घनमीटर. ही हवा सोळाशे वेळा बदलावी लागेल. काही कर्ब जिवाणूंच्या शरीरात जातो, म्हणून निम्मे धरले तरी आठशे वेळा.

काळ्या मातीत हे फार अवघड जाते. तेलाने आधीच बारीक पोकळ्या भरलेल्या असतात. पावसाळ्यात माती फुगते आणि उरलेल्या मिटतात. त्यात उन्हाळ्यातल्या भेगांचा धोका वेगळाच. मे महिन्यात काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या वेळी टँकर उलटला तर डिझेल वरच्या थरात थांबत नाही, भेगेतून थेट खाली उतरते. जूनमध्ये भेग बंद होते आणि तेल हवेविना आत कोंडले जाते. मग वरचा वीतभर थर कितीही नांगरला तरी खालच्या तेलाला हात लागत नाही. कोकणातल्या जांभ्या जमिनीत उलटा प्रकार होतो. ती सच्छिद्र असते, हवा मिळते, पण तेल तितक्याच सहज विहिरीच्या पाण्यापर्यंत पोचते.

हवा नसली की कुजवण पूर्ण बंद होत नाही. जिवाणू प्राणवायूऐवजी नायट्रेट, लोह, मँगनीज, सल्फेट वापरतात, पण गती अगदी मंदावते. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात बेमिजी गावाजवळ २० ऑगस्ट १९७९ रोजी पाइपलाइन फुटून १०,७०० बॅरल क्रूड सांडले. बरेचसे उपसले, तरी साधारण पाव भाग जमिनीतच राहिला. शास्त्रज्ञ १९८० च्या दशकापासून तिथे सतत मोजमाप करत आहेत. जिवाणू मातीतल्या लोहाच्या आधाराने तेल खात आहेत, आणि तरीही चार दशकांनंतर भूजलाच्या पातळीवर तेल आहे.

थेंब का घरंगळतो

तेलाचे हलके अंश उडतात किंवा खाल्ले जातात. जड, मेणचट अंश मातीच्या कणांवर पातळ लेपासारखे चिकटून राहतात. माती ओली असेतो हे जाणवत नाही. ती एकदा पूर्ण वाळली की लेपामुळे पाणी आत शिरेनासे होते. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात क्रूड सांडलेल्या जागी अशी पाणी नाकारणारी माती कित्येक वर्षांनंतर आढळली आहे, तेलाचा वास आणि चिकटपणा केव्हाच गेलेला असताना.

तपासणी सोपी आहे. वाळवलेल्या मातीच्या सपाट पृष्ठावर ड्रॉपरने थेंब टाकायचे आणि घड्याळ लावायचे. ५ सेकंदांच्या आत जिरला तर माती ठीक. मिनिटभर टिकला तर लेप पक्का आहे. दहा मिनिटे टिकला तर पाऊस पडूनही आतली माती कोरडी राहणार आणि कोरड्यात काहीच कुजत नाही. एका थेंबावर निकाल देऊ नये. वीतभर जागेत दहा थेंब टाकले की काही जिरतात, काही राहतात, कारण तेल मातीत सारखे पसरत नाही.

पाचोळ्यावरही हाच लेप बसतो. पान तेलात भिजले की त्याच्या पृष्ठावर पाण्याची पापुद्र्याएवढी ओलही धरत नाही आणि विकरे पाण्याशिवाय काम करत नाहीत. तेलात मुरलेले लोणचे महिनोन्महिने टिकते, त्यामागे हवा आणि पाणी दूर ठेवण्याचा हाच धागा आहे.

कोण मरते, कोण पळते

पेट्रोल तीव्र विषारी, पण लवकर उडून जाते. डिझेल मधले असते: मारण्याइतके हलके आणि टिकण्याइतके जड, त्यामुळे शेतजमिनीत त्याचाच त्रास जास्त. इंजिनचे जळके तेल आणखी वेगळे. त्यात झिजेतून आणि मिसळद्रव्यांतून आलेले जस्त, शिसे यांसारखे धातू असतात आणि बहुवलयी (अनेक वलयांची, सहज न तुटणारी) संयुगे असतात, म्हणून तेल सरले तरी धातू राहतात. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल) ही विषारी, टिकाऊ रसायने असू शकतात. ते निघाले तर खाली सांगितलेला कोणताही घरगुती उपाय करू नये.

सगळे सूक्ष्मजीव सारखे मरत नाहीत. अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू फार नाजूक असतात आणि सर्वांत आधी बसतात. तेल खाणारे माजतात. म्हणून जिवाणूंची एकूण संख्या मोजली तर ती वाढलेली दिसते, आणि जमीन मात्र नत्राचे चक्र फिरवू शकत नाही. गांडुळे उथळ थरातली मरतात, बाकीची पळतात.

त्यांच्या पळण्यावरच एक प्रमाणित चाचणी बेतलेली आहे आणि ती गांडूळखताच्या शेडमध्येही करता येते. डबा घेऊन मधे पट्टी लावा. एका बाजूला त्याच रानातली स्वच्छ माती आणि दुसऱ्या बाजूला तेलाची माती, दोन्हींत ओल सारखी. पट्टी काढून मधल्या रेषेवर दहा गांडुळे सोडा. गांडूळखतात वापरतो ती लाल आयसेनिया जात चालते. ४८ तासांनी पट्टी परत घालून मोजा. असे पाच डबे लावा. पन्नासपैकी दहाहून कमी गांडुळे तेलाच्या बाजूला असतील तर ती माती अजून राहण्यालायक नाही. तेलाच्या बाजूची ओल कमी राहिली तर गांडुळे कोरडेपणाने पळतात आणि दोष तेलावर येतो. इथेच चाचणी सर्वाधिक फसते.

अहवालातले आकडे कुठे फसवतात

माती परीक्षणाच्या नेहमीच्या पद्धतीत डायक्रोमेटने कर्ब जाळून मोजतात. ती पद्धत पानाचा कर्ब आणि डिझेलचा कर्ब वेगळा ओळखत नाही. त्यामुळे तेल सांडलेल्या रानाचा अहवाल "सेंद्रिय कर्ब अत्यंत भरपूर" असा येतो. त्याच्या आधाराने नत्राची मात्रा कमी करणे म्हणजे दुष्काळात आणखी कपात.

मातीचा श्वास, म्हणजे सुटणारा कार्बन डायऑक्साइड, तोही असाच फसवतो. तेल सांडल्यावर काही आठवडे तो वाढतो. तो श्वास तेल जळाल्याचा असतो, पाचोळा कुजल्याचा नव्हे. तेल आणि नत्र एकदम आले की जिवाणू कधीकधी जुना ह्यूमसही खायला लागतात. वर्षानुवर्षे साठलेल्या पुंजीतला काही भाग असा उडू शकतो.

तेल मोजण्याची प्रचलित संज्ञा टीपीएच, म्हणजे एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन. भारताच्या २०१६ च्या घातक कचरा नियमांतल्या यादीत तिची सीमा किलोमागे ५,००० मिलिग्रॅम आहे. आकडा उपयोगी आहे, पण तो कसा खाली आला हे विचारले पाहिजे. तेलाच्या मातीत तेवढेच शेणखत मिसळले तर एक रेणूही न कुजता आकडा निम्मा होतो. जिवाणूंनी तेल अर्धवट तोडले की आम्लासारखी मधली संयुगे तयार होतात. प्रयोगशाळेत नमुना सिलिका जेलमधून गाळला तर ती मोजणीतून निसटतात, मातीत मात्र राहतात. उलट, गाळला नाही तर खतातले नैसर्गिक मेण तेल म्हणून मोजले जाते. म्हणून एकाच जागेचे सगळे नमुने एकाच पद्धतीने मोजून घ्यावेत आणि बाहेरून किती खत मिसळले हे अहवालावर लिहून ठेवावे.

साफसफाई, आणि तिचे घाव

पहिल्या काही तासांत आग लागू न देणे आणि तेल पसरू न देणे याला पर्याय नाही. मातीचा बांध घालून ओहोळ अडवा, अग्निशमन दल आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवा, जवळच्या विहिरीचा उपसा थांबवा. पाण्याचा फवारा मारून तेल "धुऊन" काढू नका. ते खाली जाते. साबण, डिटर्जंटही नको. साचलेल्या तेलावर लाकडाचा भुसा टाकला तर तो परत गोळा करून घातक कचरा म्हणूनच द्यायचा. बरेचदा तो तिथेच नांगरून टाकतात. भुशातही कर्ब फार आणि नत्र थोडा, त्यामुळे उपाशी जमिनीवर दुसरे ओझे पडते. ओल्या रानात जेसीबी आणि डंपर फिरवणे ही नेहमीची चूक. दाबल्या गेलेल्या मातीत हवा शिरत नाही आणि तो दाब वरून दिसतही नाही.

मग उरते ते मुरलेले तेल. ५ टक्क्यांच्या वर असेल तर जिवाणूंवर सोडून चालत नाही. त्याखाली असेल तर माती तिथेच किंवा प्लास्टिक अंथरलेल्या वाफ्यात पसरून, उलथून, खत-पाणी देऊन तेल कुजवणे हा सर्वांत स्वस्त मार्ग. नियम साधे आहेत, पण प्रत्येकात बिघडायला जागा आहे.

थर ३० सेंटिमीटरच्या आत ठेवावा. जास्त जाड थर कुळवाने पूर्ण उलथत नाही आणि खालचा अर्धा तसाच राहतो. पहिले दोन महिने दर पंधरवड्याला, नंतर महिन्याने उलथावे, आणि तेही वाफसा आल्यावरच, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी असताना. चिखलात फिरवलेला रोटाव्हेटर मातीचा लगदा करतो, तो वाळून फरशीसारखा होतो आणि हवेसाठी केलेल्या कामाने हवाच बंद होते. कोरड्यात रोज रोटाव्हेटर मारला तर मातीचे रवे मोडतात, त्यांत दडलेला जुना सेंद्रिय कर्ब उघडा पडून तेलाबरोबर जळतो. पेट्रोल किंवा ताजे डिझेल असेल तर पहिल्या नांगरटीत बरेचसे वाफ होऊन हवेत जाते. तेल कुजले नाही, त्याने फक्त जागा बदलली. त्या दिवशी जवळ ठिणगी नको आणि उघड्या नाकाने काम नको.

ओल माती धरू शकते त्याच्या ५० ते ७० टक्के. पाणी नाकारणाऱ्या मातीला एकदम पाट सोडला तर ते वरून वाहून जाते. तुषार सिंचनाने हलके, पण वारंवार द्यावे, आणि एकदा भिजली की पूर्ण वाळू देऊ नये, कारण वाळताच लेप पुन्हा पाणी अडवतो.

नत्राची मात्रा ठरवताना सर्वाधिक चुका होतात. पुस्तकी गुणोत्तर कर्ब, नत्र, स्फुरद १००:१०:१ असे सांगितले जाते. आपल्या गुंठ्यातल्या ३४० किलो कर्बाला त्या हिशेबाने ३४ किलो नत्र, म्हणजे ७४ किलो युरिया लागेल. सुरू हंगामातल्या उसाला हेक्टरी २५० किलो नत्र देतात, म्हणजे गुंठ्याला अडीच किलो. चौदा वर्षांच्या उसाचा नत्र एका दिवशी ओतला तर मातीतल्या पाण्यात क्षार इतके वाढतात की जिवाणूंच्या शरीरातलेच पाणी बाहेर ओढले जाते. तेल कुजायचे थांबते, पाचोळाही कुजत नाही, आणि उरलेले नायट्रेट विहिरीत जाते.

त्यापेक्षा मातीतल्या पाण्यावर हिशेब करावा. दर किलो पाण्यामागे २,००० मिलिग्रॅम नत्र ही वरची मर्यादा धरा. २० टन मातीत २० टक्के ओल म्हणजे ४,००० किलो पाणी, त्याला ८ किलो नत्र, युरिया सुमारे १७ किलो. सुरुवात निम्म्याने, साडेआठ किलो युरियाने, करावी आणि मातीतला नत्र तपासून चार-सहा आठवड्यांनी पुढचा हप्ता ठरवावा. पूर्ण ३४ किलो कधीच लागत नाही. मेलेल्या जिवाणूंचा नत्र पुढच्या पिढीला मिळतो आणि सगळे तेल काही कुजत नाही. काळ्या मातीचा सामू (पीएच) आठच्या आसपास असतो, तिथे वर फेकलेल्या युरियाचा अमोनिया उडून जातो, म्हणून मातीत मिसळूनच द्यावा. स्फुरद काळ्या मातीत चुन्याशी आणि जांभ्यात लोहाशी बांधला जातो. सुपर फॉस्फेट शेणखतात मिसळून दिले तर जास्त काळ हाती राहतो.

शेणखत चांगले कुजलेले हवे, मातीच्या वजनाच्या ५ ते १० टक्के, म्हणजे गुंठ्याला एक ते दोन टन. ते नत्र देते, पाणी धरते, माती मोकळी करते आणि सर्वांत मोलाचे म्हणजे पाचोळा कुजवणारी बुरशी आणि जिवाणू परत आणते. ताजे शेण, गव्हाचा भुसा, बगॅस (उसाची चिपाडे) यांनी माती मोकळी होते खरी, पण जिवाणूंना हे अन्न तेलापेक्षा सोपे असल्याने ते आधी तेच खातात आणि त्यासाठी नत्रही ओढतात.

विकत मिळणाऱ्या जिवाणूंबद्दल आमचे मत असे: नुकत्याच सांडलेल्या डिझेलवर, उबदार शेतजमिनीत, ते क्वचितच फरक पाडतात. जुन्या, घट्ट तेलगाळाच्या खड्ड्यांची गोष्ट निराळी. तिथे स्थानिक जिवाणू फार उरलेले नसतात. टेरी (द एनर्जी अँड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट) या संस्थेने भारतातल्या तेलगाळासाठी निरनिराळे अंश खाणाऱ्या जिवाणूंचे मिश्रण तयार केले आणि ते देशातल्या अनेक तेलक्षेत्रांवर वापरले गेले. पण हवा, ओल, नत्र नसेल तर कोणतेही मिश्रण उपाशी मरते.

पहिल्या तीन-चार महिन्यांत आकडा भराभर खाली येतो, मग रेषा आडवी होते. सरळ साखळीची संयुगे आधी जातात, फांद्यांची नंतर, बहुवलयी मागे राहतात, डांबरासारखी जवळपास तशीच. आडव्या रेषेवर आणखी युरिया ओतून काही मिळत नाही. इथून पुढे गवत आणि मुळे कामी येतात.

उष्णतेने आणि रसायनाने केलेली सफाई जलद होते, किंमत मात्र माती देते. ३५० अंश सेल्सियसच्या आसपास तापवलेल्या मातीतून तेलाबरोबर सेंद्रिय पदार्थाचा मोठा वाटा जातो आणि सूक्ष्मजीव संपतात. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यात २०१३ मध्ये टायोगा गावाजवळ गव्हाच्या शेतात पाइपलाइनमधून सुमारे २०,६०० बॅरल क्रूड गळले. तिथली माती खोदून भट्टीत तापवली गेली. अशा मातीवरच्या अभ्यासांत दिसले की ती एकटी पीक नीट देत नाही, स्वच्छ वरची माती मिसळली तर सावरते. हायड्रोजन पेरॉक्साइड, परसल्फेट यांसारखी ऑक्सिडीकारकेही तेल आणि ह्यूमस यांत भेद करत नाहीत. सेंद्रिय पदार्थ भरपूर असलेल्या मातीत त्यांचा बराचसा भाग ह्यूमस जाळण्यातच खर्च होतो. परसल्फेटने सामूही घसरतो. विहिरीला तातडीचा धोका असेल तर हे मार्ग घ्यावेत. मात्र तेल काढल्यावर ती माती नापीक समजून तिची नव्याने बांधणी करावी लागते: शेणखत, वरची माती, हिरवळीचे पीक, दोन-तीन हंगाम.

खाजण आणि तिवरांची जमीन

इथे वरचे बहुतेक नियम उलटतात. खारफुटीच्या चिखलात वरचे काही मिलिमीटर सोडले तर हवा नसतेच. तिथली कुजवण मुळातच संथ आणि म्हणूनच तिथे इतका कर्ब साठतो. हवा आत जाते ती मुळांतून आणि खेकड्यांच्या बिळांतून.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात वेस्ट फाल्मथजवळ सप्टेंबर १९६९ मध्ये एक तेलवाहू बार्ज खडकावर चढली आणि इंधन तेल वाइल्ड हार्बरच्या दलदलीत गेले. तीस वर्षांनी चिखल कापून पाहिला तेव्हा साधारण ८ ते २० सेंटिमीटर खोलीवर तेलाचा थर होता. पुढे तिथल्या खेकड्यांची बिळे साच्यात ओतून पाहिली गेली. हे एक नांगी मोठी असलेले छोटे खेकडे. त्यांचे जातभाई आपल्या खाड्यांतही दिसतात. स्वच्छ दलदलीत त्यांचे बीळ सरळ खाली उतरते. इथे ते तेलाच्या थरापाशी येऊन वळत होते किंवा तिथेच संपत होते. बीळ उथळ राहिले की हवा खाली जात नाही आणि हवा गेली नाही की तेल कुजत नाही. तेल स्वतःच स्वतःला टिकवत होते.

मग तो थर खोदून काढावा का? फ्रान्समध्ये ब्रिटनीच्या किनाऱ्यावर १६ मार्च १९७८ रोजी अमोको काडिझ जहाज फुटले, दोन लाख टनांहून अधिक क्रूड सांडले आणि इल ग्रांद इथली खारी दलदल माखली. अवजड यंत्रे उतरवून तेलकट थर खरवडला गेला. त्याबरोबर मुळे गेली, खाड्यांची पातळी बदलली आणि यंत्रांखाली चिखल दबला. नंतरच्या पाहण्यांत तेल तसेच सोडलेली दलदल आधी सावरली, यंत्रांनी साफ केलेली मागे राहिली.

मुंबईजवळ ७ ऑगस्ट २०१० रोजी एमएससी चित्रा आणि खलिजिया या जहाजांची टक्कर झाली आणि तेल मुंबई-रायगडच्या तिवरांवर चढले. तिवराची श्वसनमुळे चिखलातून वर उभी असतात आणि त्यांवरच्या छिद्रांतून झाड खालच्या मुळांना हवा पुरवते. ती तेलाने माखली तर झाड गुदमरते आणि मेलेली मुळे हवा खाली नेत नाहीत. अशा जागी पाण्यावरचे तेल काठावर यायच्या आत शोषक दोऱ्यांनी अडवणे, माखलेल्या मुळांवर कमी दाबाने समुद्राचेच पाणी सोडणे आणि चिखलात पाय न घालणे, एवढेच करावे. पायांनी तुडवलेले तेल खाली दाबले जाते, आणि खाली गेलेले तेल दशके राहते. फळ्या टाकून त्यांवरून चालावे.

पान कुजते का, हे कसे तपासायचे

नायलॉनची १ ते २ मिलिमीटर छिद्रांची जाळी घेऊन १० बाय १० सेंटिमीटरच्या पिशव्या शिवा. त्याच परिसरातली, एकाच झाडाची गळलेली पाने ६० अंशांवर वाळवून प्रत्येकीत ५ ग्रॅम भरा आणि धातूची खूणपट्टी लावा, कागदी चिठ्ठी स्वतःच कुजते. साफ केलेल्या जागेत दहा आणि शेजारच्या स्वच्छ रानात दहा, ८ ते १० सेंटिमीटर खोल पुरा. दोन्हींकडे मातीचा प्रकार, उतार आणि सावली सारखी हवी. तीन महिन्यांनी काढून वाळवून तोला.

तेलाच्या मातीत इथे एक सापळा असतो. पान तेल शोषते, माती चिकटते आणि पिशवी पुरली त्याहून जड निघते. नुसते वजन पाहणारा म्हणतो, काहीच कुजले नाही. म्हणून प्रयोगशाळेत तेल द्रावकाने धुऊन काढावे, मग पान ५५० अंशांवर जाळून राखेचे वजन वजा करावे, म्हणजे चिकटलेली मातीही हिशेबातून जाते. एवढी सोय नसेल तर बिनरंगाच्या सुती कापडाच्या पट्ट्या पुरा. पिशवीइतका नेमका आकडा मिळत नाही, पण स्वच्छ रानातली पट्टी ओढताच फाटते आणि आजारी रानातली ताणून धरते, हे हाताला लगेच कळते.

पुरायची वेळही चुकवू नये. जूनच्या पहिल्या वाफशाला पुरून सप्टेंबरअखेर काढलेल्या पिशव्या खरा फरक दाखवतात. फेब्रुवारीत पुरल्या तर मेपर्यंत दोन्ही रानांत ओलच नसते, दोन्हीकडची पाने तशीच निघतात आणि आजारी रान निरोगी रानाइतकेच चांगले ठरते.